इन्सुलिन आणि मातीचे मडके

इतवारी ही नागपूरची जुनी घाऊक पेठ. धान्य, किराणा, कापड, सराफा, सगळे दाटीवाटीने बसलेले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाने आपल्या मधुमेही मुलाची इन्सुलिनची बाटली कुठे ठेवायची? प्रश्न साधा दिसतो, पण त्यासाठी थोडे इतिहासात जावे लागते.

मधुमेही माणसाच्या लघवीकडे मुंग्या धावतात, ही नोंद आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत आहे. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टराने अशी लघवी आटवून तीत साखर असल्याचे दाखवले. पण ती तिथे येते कशी? १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तर त्याला मधुमेह झाला. म्हणजे स्वादुपिंडात असे काहीतरी होते, की जे नसले तर ग्लुकोज पेशींत न शिरता रक्तातच साठते. ते ‘काहीतरी’ हाती यायला आणखी बत्तीस वर्षे लागली.

मधल्या काळात मधुमेही मुलांवर एकच इलाज होता, उपासमार. आहार इतका तोडायचा की मूल हाडांचा सापळा होई. मरण तेवढे थोडे लांबे. (याला इलाज म्हणायला आमची जीभ अडखळते, पण त्या डॉक्टरांच्या हाती दुसरे काही नव्हते.) १९२१ साली टोरोंटो येथे मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग व बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचला. साखर थोडीच उतरली, वर टोचल्या जागी गळू झाले. कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून मुलगा सुधारू लागला. वर्गात बँटिंग-बेस्ट ही जोडी सांगताना आपण कॉलिपला बहुधा विसरतो.

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. त्यांचा क्रम सँगरने १९५५ पर्यंत उलगडला. प्रथिन म्हटले की उष्णतेने बिघडणे आलेच. बिघडलेले इन्सुलिन दिसायला पुष्कळदा चांगल्यासारखेच दिसते. टोचले तरी साखर उतरत नाही, एवढाच पुरावा. म्हणून न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. थंड देशात हे सोपे. इतवारीत फ्रीज नसलेल्या घरी काय करायचे?

नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी गरीब घरांतील मधुमेही मुलांसाठी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. इन्सुलिन विकत घेणेच ज्यांना परवडत नाही, त्यांना फ्रीज घ्या म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. इथे मडके कामाला येते. सच्छिद्र मातीतून पाणी झिरपते, बाहेर त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता मडक्यातूनच खेचली जाते. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तीत लहान मडके आणि त्यात कोरड्या डबीत बाटली, एवढीच रचना. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही अशा मातीच्या भांड्यांनी तापमान चांगलेच उतरवल्याचे आढळले. फ्रीजइतका गारवा मिळत नाही, पण उघडलेली बाटली महिनाभर वापरण्याइतका मिळू शकतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे जमते. मुंबईच्या दमट हवेत तितके नाही. याचे कारण विद्यार्थ्यांनाच विचारावे.

वर्गात एखादे मूल सारखे पाणी पीत असेल, वारंवार लघवीला जात असेल आणि वाळत चालले असेल, तर पालकांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. अशा मुलांची प्रकृती काही दिवसांतच ढासळते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला मात्र उलटाच धोका असतो. जेवण चुकले किंवा खेळ जास्त झाला की साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, मूल असंबद्ध बोलू लागते. शुद्धीवर असेल तर लगेच साखर खायला द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. मधुमेही मुलाच्या शिक्षकाच्या टेबलात साखरेची पुडी हवी, हे ऐकून पालकही आधी चकित होतात.