खिद्रापूर
खिद्रापूर : कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील, कोपेश्वर या प्राचीन शिवमंदिरामुळे प्रसिद्ध असलेले गाव. ते कोल्हापूरच्या पूर्वेस सु. ६० किमी.वर, कर्नाटकच्या सीमेलगत कृष्णाकाठी वसले आहे. त्याचे जुने नाव कोप्पम होते असे काही अभ्यासक मानतात आणि चोळ व चालुक्य यांच्यात अकराव्या शतकाच्या मध्यास झालेली कोप्पमची लढाई येथेच झाली असे सुचवितात; मात्र इतर काही अभ्यासक कोप्पम म्हणजे कर्नाटकातील कोप्पळ असे समजतात.

मंदिराच्या उभारणीचे श्रेय सामान्यतः कोल्हापूरच्या शिलाहारांना दिले जाते. देवगिरीचा यादव राजा दुसरा सिंघण याने शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव करून हा प्रदेश जिंकला, आणि पुढे कोपेश्वराला कूडलदामवाड हे गाव दान दिले, अशी नोंद येथील शके ११३६ च्या संस्कृत शिलालेखात आहे; त्यामुळे सत्तांतरानंतरही देवस्थानाचा राजाश्रय टिकला, हे स्पष्ट होते.

पूर्वाभिमुख मंदिराचे गर्भगृह, अंतराळ (गर्भगृह व सभामंडप यांना जोडणारा भाग), सभामंडप आणि स्वर्गमंडप असे चार भाग असून ते एका अक्षावर आहेत. बाह्य भिंतींच्या तळाशी गजथर, म्हणजे हत्तींच्या शिल्पांची रांग आहे, व त्यावर देवदेवतांच्या आणि सुरसुंदरींच्या (अप्सरांच्या) मूर्ती आहेत. काळ्या पाषाणातील या सर्व कामात स्वर्गमंडप हा स्थापत्याचा कळस होय. ४८ स्तंभांच्या या मंडपाच्या छताचा मधला भाग उघडा असून त्यातून आकाश दिसते. या वर्तुळाकार झरोक्याखाली जवळजवळ तेवढीच रुंद गोल रंगशिला (मंडपाच्या मध्यावरील शिळा) आहे आणि तिच्याभोवती १२ स्तंभांचे कडे आहे. वरच्या भागात कार्तिकेय व दिक्पाल (दिशांचे रक्षक देव) आपापल्या वाहनांसह कोरलेले आहेत. यज्ञाचा धूर वर जावा म्हणून छत उघडे ठेवले, असे परंपरा सांगते. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री झरोक्यातून उतरणारे चांदणे पाहण्यास भाविक जमतात.

गर्भगृहात कोपेश्वर (शिव) आणि धोपेश्वर (विष्णू) अशी दोन लिंगे आहेत, पण शिवमंदिरात अपेक्षित असलेला नंदी नाही. आख्यायिकेनुसार शिवपत्नी सती नंदीवर बसून पिता दक्ष याच्या यज्ञास गेली व पतीचा अपमान सहन न होऊन तिने देहत्याग केला. तेव्हा कोपलेल्या शिवाला विष्णूने येथे आणून शांत केले, म्हणून देव कोपेश्वर ठरला आणि नंदी मात्र कृष्णेपलीकडील यडूर येथे राहिला. नंदीचा अभाव आणि दोन लिंगांचे सान्निध्य या दोन्ही गोष्टींचा अर्थ लावणारी ही कथा मंदिराच्या रचनेशी एकजीव झाली आहे.

गावात प्राचीन जैन मंदिरही आहे. शेती हा मुख्य व्यवसाय असून ऊस हे प्रमुख पीक आहे. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत तालुक्यातील नदीकाठाला मोठी झळ बसली.