स्वसंरक्षण : हात उचलण्याआधीची तयारी

हुबळीतील कमरीपेठ हा दाट वस्तीचा जुना भाग. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची घरे येथे मोठ्या संख्येने आहेत आणि पेठेच्याच नावाचे पोलीस ठाणेही आहे. वास्को-लोंढा रेल्वेमार्गाने हुबळीशी जोडलेल्या गोमंतकीयांना हे शहर परके नाही. दाराला दार लागलेल्या अशा पेठांमध्ये अनोळखी माणूस चटकन नजरेत भरतो; ओळखीचा माणूस मात्र कोणाच्याच नजरेत भरत नाही. वैयक्तिक सुरक्षिततेचा विचार येथूनच सुरू व्हायला हवा, आणि नेमका तो येथून सुरू होत नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात हुबळी शहर दोन हत्यांनी हादरले. १८ एप्रिल रोजी विद्यानगर येथील महाविद्यालयाच्या आवारात एका विद्यार्थिनीवर चाकूने वार झाले. आरोपी तिच्या परिचयातील माजी विद्यार्थी होता. महिनाही उलटला नव्हता, तोच १५ मे रोजी पहाटे वीरापूर ओणीत (कन्नडमध्ये ओणी म्हणजे गल्ली) वीस वर्षांच्या तरुणीला तिच्या राहत्या घरात ठार मारण्यात आले. हाही हल्लेखोर ओळखीचाच. त्याच्या धमकीची कल्पना पोलिसांना आधीच दिली होती, असे कुटुंबाने सांगितले आणि निष्काळजीपणाच्या ठपक्यावरून पोलीस निरीक्षकासह कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले. अशा घटनांनंतर मुलींना कराटे शिकवावे, अशी मागणी जोर धरते. मागणी गैर नाही. परंतु चाकू उगारला जातो तेव्हा घटनेचा शेवटचा अंक सुरू झालेला असतो.

स्वसंरक्षणाचे अभ्यासक म्हणूनच शरीराआधी मनाकडे वळतात. जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने १९७२ साली लिहिलेल्या छोट्याशा पुस्तकात मनोवृत्तीलाच प्रमुख स्थान दिले. त्याच्या नावाने ओळखली जाणारी रंगांची परिभाषा आजही प्रशिक्षणात वापरली जाते. पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण सजग, नारिंगी म्हणजे विशिष्ट धोक्याकडे लक्ष गेलेले आणि लाल म्हणजे कृतीचा निर्णय झालेला. भ्रमणध्वनीत डोके खुपसून चालणारा माणूस पांढऱ्या अवस्थेत असतो. पिवळी अवस्था म्हणजे भीती नव्हे. दुचाकी चालवणारा सराईत माणूस समोरच्या रिक्षाच्या चाकांकडे जसे सहज लक्ष ठेवतो, तेवढीच ती स्वाभाविक आहे.

अवघड असते ते पिवळ्यावरून नारिंगीकडे जाणे, कारण तेथे भिडस्तपणा आडवा येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. अनोळखी माणसाला झिडकारणे सोपे. शेजाऱ्याला, जुन्या वर्गमित्राला किंवा नात्यातल्या कोणाला ‘नाही’ म्हणणे कठीण. ‘त्याला वाईट वाटेल’, ‘चार लोक काय म्हणतील’ हे विचार धोक्याची जाणीव दाबून टाकतात. गॅव्हिन डी बेकर यांच्या १९९७ च्या पुस्तकाचा गाभाही हाच आहे : खरी भीती ही उपयुक्त सूचना असते आणि नकार ऐकून न घेणारा माणूस समोरच्यावर ताबा मिळवू पाहत असतो. ज्या घरात मुलीला लहानपणापासून उलट न बोलण्याचे धडे मिळाले, तेथे तिच्याकडून ऐन वेळी आरडाओरड्याची अपेक्षा धरणे हा घराचाच विसंवाद होय.

मानसिक तयारीचा परिणाम मोजलाही गेला आहे. शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन-तीन तासांच्या चार सत्रांत धोका ओळखणे, ओळखीच्या व्यक्तीबाबतचा आपला संकोच दूर करणे आणि शाब्दिक व शारीरिक प्रतिकार करणे शिकवले गेले. वर्षभरात बलात्काराला सामोरे जाण्याचे प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के आढळले.

तरीही प्रतिकार न करणाऱ्या व्यक्तीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. स्टॉकहोममधील आपत्कालीन केंद्रात आलेल्या २९८ महिलांच्या २०१७ च्या अभ्यासात सुमारे ७० टक्के महिलांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीयरीत्या गोठून गेल्याचे सांगितले. ‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न पोलीस ठाण्यात आणि घरातही विचारला जातो. तो विचारणाऱ्याला शरीराचा हा धर्म ठाऊक नसतो.

भारतीय कायदा प्रतिकाराला पूर्ण मान्यता देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, आम्ल हल्ला अशा धोक्यांत हल्लेखोराचा प्राण गेला तरी कलम ३८ संरक्षण देते. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हा हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. पळणाऱ्या हल्लेखोराला पाठलाग करून मारणे बचावात बसत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली : प्रतिकार सूडासाठी नसावा आणि गरजेपेक्षा फार अधिक नसावा, मात्र संकटातील माणसाने प्रत्येक घाव तागडीत तोलावा, अशीही अपेक्षा नाही.

निसटण्याची वाट असेल तर निसटणे हेच यश, विशेषतः चाकूसमोर. सोनसाखळी आणि पाकीट सोडून देण्यात कमीपणा नाही. चित्रपटांनी नेमके उलटे शिकवले आहे.

पाठलागाच्या टप्प्यावरच कायद्याचा आधार घेता येतो. न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार नकारानंतरही स्त्रीचा पाठलाग करणे वा तिच्याशी संपर्काचा वारंवार प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घटना कोणत्याही हद्दीतील असो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. प्रतही विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. संदेश, दूरध्वनींच्या वेळा, साक्षीदार यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवलेली असेल तर तोंडी सांगितलेल्या धमकीपेक्षा तिचे वजन अधिक भरते. तातडीच्या मदतीसाठीचा ११२ हा क्रमांक गोव्यात आणि कर्नाटकात एकच आहे.