सेवाग्राही-सहभागी मनोआरोग्य संशोधन

मानसिक आरोग्यसेवा घेतलेल्या व्यक्तींना केवळ निरीक्षणाचा विषय न मानता, प्रश्न ठरविण्यापासून निष्कर्षांचा अर्थ लावण्यापर्यंत संशोधनाच्या सर्व कामकाजात बरोबरीचा अधिकार देणारी पद्धती. सहीपुरते बोलावणे हा सहभाग नव्हे. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील मनोविकारशास्त्र संस्थेत २००१ मध्ये याच हेतूने ‘शुअर’ हा विभाग स्थापन झाला व स्वतः सेवा घेतलेल्या विदुषी डायना रोझ यांनी त्याची धुरा वाहिली. विद्युत्-आघात उपचारासंबंधी रुग्णांच्या मतांचा जो आढावा रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात किमान एकतृतीयांश रुग्णांनी चिरस्थायी स्मृतिलोपाची तक्रार केल्याचे आढळले. शिवाय उपचारानंतर लगेच, इस्पितळातच, डॉक्टरांनी मोजकेच प्रश्न विचारले असता समाधानाचे प्रमाण अधिक भरते, ही अत्यंत मोलाची बाबही त्यातून उघड झाली.