व्यापारचिन्हाची परदेशांतील नोंदणी (रत्नागिरी हापूसच्या संदर्भात)

एका देशात नोंदवलेले नाव, चिन्ह किंवा मार्का दुसऱ्या देशाच्या कायद्यानेही आपलाच ठरावा यासाठी तेथे करायची कार्यवाही. व्यापारचिन्हाचा हक्क प्रादेशिक असतो. भारतीय नोंदणी कार्यालयाचे प्रमाणपत्र भारताच्या हद्दीपुरते चालते. ते दाखवून दुबईत किंवा लंडनमध्ये कुणाला अडवता येत नाही. सगळ्या जगाला लागू होणारे एकच व्यापारचिन्ह अस्तित्वात नाही. जाहिरातींत ‘जागतिक नोंदणी’ असे शब्द वाचायला मिळतात, त्यांवर विसंबू नये. नोंदणी होते ती सहसा देशागणिकच. अर्ज मात्र अनेक देशांसाठी एकत्र करता येतो.

रत्नागिरीत हा विषय आंब्याच्या पेटीवरून चटकन कळतो. लाकडी पेट्यांच्या काळात पेंढ्यात आंबे बसवून झाकण ठोकले, की फळीवर पत्र्याचा साचा धरून शाई फिरवत. बागायतदाराचे आडनाव, गाव आणि एखादी खूण उमटे. हा मार्का. पुठ्ठ्याचे खोके आले, साचा जाऊन छापील चित्र आले, पण शब्द टिकला. ओळखीचा मार्का असला की बाजारात पेटी उघडण्याआधीच मालाचा अंदाज येतो. त्याच खोक्यावर दुसरे एक नाव असते : रत्नागिरी हापूस. मार्का एका घराचा, हापूस साऱ्या मुलखाचा. कायदाही ही दोन नावे वेगवेगळ्या वह्यांत नोंदवतो, आणि परदेशात त्यांच्या वाटा आणखी फाकतात. हा फरक ध्यानात न घेता केलेले अर्ज बहुधा पहिल्याच पायरीवर अडतात.

भारतात मार्क्यासाठी व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ आहे. हापूससारख्या नावांसाठी त्याच वर्षीचा भौगोलिक मानांकनाचा अधिनियम. दोन्ही १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आले. मानांकनाची वही चेन्नईत ठेवली जाते. हापूससाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने २००८ मध्ये अर्ज केला. पुढे रत्नागिरी आणि देवगडच्या उत्पादक संस्थाही आल्या, नाव कुणाच्या गावाचे असावे यावर बराच खल झाला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या आंब्याला मिळून मानांकन मिळाले. मानांकन मिळाले म्हणून प्रत्येक बागायतदाराला ते आपोआप वापरता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते.

मार्का परदेशात नेण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, त्या त्या देशात वकील नेमून थेट अर्ज करण्याची. भारत ७ डिसेंबर १९९८ पासून पॅरिस कराराचा सदस्य असल्याने भारतातील पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केला, तर तेथेही भारतातल्या अर्जाची तारीख धरली जाते. या सहा महिन्यांचे मोल आंब्याच्या धंद्यात विशेष आहे. मार्चमध्ये अर्ज करून मे महिन्यात माल पाठवला आणि तो पाहून तिकडच्या कुणी नाव उचलून जूनमध्ये नोंदवायला घेतले, तरी ऑगस्टपर्यंत अर्ज करणाऱ्या रत्नागिरीकराचा हक्क आधीचा ठरतो.

दुसरी वाट माद्रिद व्यवस्थेची. १९८९ च्या माद्रिद प्रोटोकॉलमध्ये भारत ८ जुलै २०१३ पासून आहे. भारतातला अर्ज किंवा नोंद पायाला धरून भारतीय कार्यालयामार्फतच एमएम-२ हा अर्ज जिनीव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातो आणि हवे ते सदस्य देश त्यात निवडता येतात. संघटना कागद तपासते. नाव द्यायचे की नाही हे प्रत्येक देशाचे कार्यालय आपल्या कायद्याने ठरवते. त्याला बारा किंवा अठरा महिन्यांची मुदत असते. मुदतीत नकार कळवला नाही, तर त्या देशात संरक्षण मिळाले असे धरतात. नोंद दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. कोकणाच्या दृष्टीने मोठी घटना म्हणजे २८ डिसेंबर २०२१ पासून संयुक्त अरब अमिरातीत हा प्रोटोकॉल लागू झाला. भारतीय आंब्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेच. तोवर तिथला मार्का वेगळ्या अर्जानेच नोंदवावा लागे.

खर्च लहान बागायतदाराला जड वाटावा असाच आहे. भारतात वैयक्तिक अर्जदार व लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये पडतात. माद्रिदच्या अर्जाला भारतीय कार्यालयाचे हाताळणी शुल्क ५,००० रुपये आणि जिनीव्हाचे मूळ शुल्क ६५३ स्विस फ्रँक. चिन्ह रंगीत असेल तर ९०३. त्यावर प्रत्येक देशाचे शुल्क वेगळे : काही देशांना १०० फ्रँक पुरतात, तर अमेरिका, ब्रिटन, युरोपीय महासंघ आपापला दर लावतात. केशरी-पिवळा आंबा छापलेले चित्र रंगीत नोंदवण्याचा मोह होतो. काळ्या-पांढऱ्यात नोंदवणे स्वस्त पडते आणि सुरुवातीला तेवढे पुरेसे असते.

आता अडचणी. पहिली वर्गांची. माल व सेवा यांची ४५ वर्गांत विभागणी आहे. ताजा आंबा ३१ व्या वर्गात, आंब्याचा गर, मुरांबा आणि आंबापोळी २९ व्या, आंब्याचे पेय किंवा कोकम सरबत ३२ व्या. ताज्या फळासाठी ३१ वा वर्ग घेऊन थांबलेला बागायतदार पुढे डबाबंद गर निर्यात करू लागला, की त्या डब्यावरचा त्याचा मार्का उघडा पडतो. माद्रिदच्या अर्जात पायाभूत भारतीय अर्जापेक्षा जास्त माल घालता येत नाही, म्हणून हा विचार आधी घरीच करावा लागतो. दुसरी अडचण लिपीची. देवनागरीतला मार्का नोंदवला तर त्याचे रोमन लिप्यंतर द्यावे लागते. दुबईचा दुकानदार खोक्यावर रोमन किंवा अरबी अक्षरे वाचतो. ती रूपे वेगळ्याने नोंदवलेली बरी.

तिसरी अडचण सगळ्यांत घातक. आंतरराष्ट्रीय नोंद पहिली पाच वर्षे भारतातल्या पायावर उभी असते. पाया ढासळला, तर सर्व देशांतली नोंद त्याच्याबरोबर जाते. तीन महिन्यांत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून तारीख वाचवता येते, पण तो खर्च पुन्हा पहिल्यापासून. पाया ढासळतो कशाने? मार्क्यात ‘रत्नागिरी हापूस’ हेच मुख्य शब्द असले तर. मालाचे मूळ गाव किंवा जात सांगणारे शब्द एकट्याच्या मालकीचे होत नाहीत, आणि मानांकन मिळालेले नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यास मानांकनाचा कायदाच मनाई करतो. म्हणून मार्का आडनावाचा, घराण्याच्या खुणेचा, स्वतःच्या चित्राचा असावा आणि हापूस हा शब्द खोक्यावर वर्णन म्हणून यावा. आजोबांनी साच्यात आडनाव कोरले होते, ते कायद्याच्या दृष्टीनेही बरोबरच होते.

भारतात आधी वापरणाऱ्याला कायदा बराच आधार देतो. चीन आणि बहुतेक आखाती देशांत मात्र आधी नोंदवणाऱ्याचे पारडे जड असते. म्हणून पहिली पेटी विमानात चढण्यापूर्वी अर्ज केलेला चांगला. नेहमीचा तंटा परक्या चोराशी होत नाही, तो ओळखीच्या आयातदाराशी होतो. हंगाम दोन-तीन चांगले गेले की तो मार्का स्वतःच्या नावे नोंदवतो. सुरुवातीला ‘तुमच्याच सोयीसाठी’ असे सांगतो, आणि दरावरून बिनसले की तोच कागद पुढे करतो. पॅरिस करारात प्रतिनिधीने मालकाच्या संमतीविना केलेल्या अशा नोंदीविरुद्ध तरतूद आहे. पण ती वापरायला परदेशी वकील आणि जुनी बिले लागतात. नोंदवलेला मार्का वापरातही ठेवावा लागतो. ब्रिटन व युरोपीय महासंघात सलग पाच वर्षे आणि चीनमध्ये तीन वर्षे वापर नसेल तर नोंद रद्द करून मागता येते. हंगामी फळाचा वापर वर्षात दोनच महिने होतो. त्या दोन महिन्यांची बिले, विमान कंपनीच्या पावत्या आणि खोक्यांची छायाचित्रे जपून ठेवली तर वेळेला कामी येतात.

मार्क्याचे काम पैसा आणि तत्परता असली की होते. हापूस या नावाचे तसे नाही. भौगोलिक नावांच्या नोंदीसाठी लिस्बन व्यवस्था आहे, पण भारत तिचा सदस्य नाही. जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदा करार अशा नावांना संरक्षण द्यायला सांगतो, मात्र मूळ देशात संरक्षण नसेल तर इतरांवर बंधन टाकत नाही. त्या अर्थाने २०१८ चे मानांकन हा परदेशी दाराचा उंबरठा होता. पुढचे पाऊल दार्जिलिंगच्या चहाने दाखवले. चहा मंडळाने अमेरिकेत ‘दार्जिलिंग’ हे प्रमाणन चिन्ह म्हणून नोंदवले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये युरोपीय महासंघाच्या संरक्षित नावांत आणले. २०२३ मध्ये कांगडा चहा त्या यादीत गेला. बासमतीची कथा उलट बाजूची : १९९७ मध्ये टेक्सासच्या राइसटेक कंपनीला बासमतीच्या वाणांवर अमेरिकी पेटंट मिळाले, भारताने लढून त्यातले बरेच दावे मागे घ्यायला लावले, आणि बासमतीला भारतात मानांकन मिळायला २०१६ उजाडले. युरोपात भारताने बासमतीसाठी केलेल्या अर्जाला पाकिस्तानने हरकत घेतली.

हापूसपुढचा पेच आणखी वेगळा आहे आणि तो नावातच आहे. अफोंसो द आल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नराच्या नावावरून गोव्यात कलम केलेल्या आंब्याला नाव पडले, बोलीत ते हापूस झाले आणि इंग्रजीत अल्फान्सो. परदेशी वाचकाला अल्फान्सो हे जातीचे नाव वाटते. जात कुठेही रुजवता येते, आणि जातीच्या नावावर एका प्रदेशाची मालकी मानायला परदेशी कार्यालये सहसा तयार होत नाहीत. पूर्व आफ्रिकेतल्या मलावी देशात लावलेल्या कलमांचा आंबा नोव्हेंबर-डिसेंबरात, कोकणात मोहोर फुटत असताना, ‘मलावी हापूस’ म्हणून वाशीच्या घाऊक बाजारात येतो. भारतात त्या नावाला मानांकनाच्या आधारे आव्हान देता येते. तोच आंबा लंडनला उतरला तर कोकणाकडे दाखवायला कागद नाही.

त्यामुळे परदेशात एकट्या ‘अल्फान्सो’ शब्दापेक्षा ‘रत्नागिरी’, ‘देवगड’ अशी गावाची नावे जोडलेले प्रमाणन किंवा सामूहिक चिन्ह नोंदवणे अधिक टिकाऊ ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अशी चिन्हे माद्रिदच्या वाटेनेही पाठवता येतात. त्यासाठी मालक एक बागायतदार नसून संस्था हवी, नियमावली हवी आणि फळ खरोखर त्या मातीतले आहे हे तपासणारी यंत्रणा हवी. रत्नागिरीच्या नावाने कर्नाटकातला आंबा विकला जातो ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. ती घरी सुटली नाही तर परदेशी परीक्षकाला दाखवायला काही उरत नाही. देवगडच्या उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर सांकेतिक क्रमांकाचा, काढताच फाटणारा स्टिकर लावायला घेतला. त्या क्रमांकावरून फळ कोणत्या बागायतदाराचे, हे गिऱ्हाइकाला कळते. युरोपीय अर्जात तपासणीच्या रकान्यात लिहायला अशाच नोंदी लागतात.