डेन्व्हर नगराचा नकार

घरीं मंगलकार्य निघालें म्हणजे भिंतींना नवा रंग चढतो आणि अंगणांत मांडव पडतो. परंतु खर्च कोणीं सोसावयाचा, हें घरच्यांनाच विचारावयाचें राहून गेलें, तर तंटाहि त्याच मांडवांत उभा राहतो. अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं असेंच घडलें.

१९७६ हें कॉलोराडो राज्याच्या शताब्दीचें आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचें वर्ष. तें हिवाळी ऑलिंपिक सामन्यांनीं साजरें करावें, असें तेथील पुढाऱ्यांच्या व उद्योगपतींच्या मनानें घेतलें. आणि १९७० च्या मे महिन्यांत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें तो मान डेन्व्हरला दिलाहि. रॉकी पर्वताची कीर्ति पसरावी, प्रवासी यावेत, व्यापार वाढावा, हा हेतु उघड होता.

मात्र ज्यांच्या दारांत हे सामने व्हावयाचे, त्यांचा विचार कोणी घेतला नव्हता. एव्हरग्रीन या डोंगराळ गांवच्या रहिवाशांनीं जोराची हरकत घेतली. झाडी तुटेल, रस्ते रुंदावतील आणि थोड्या दिवसांच्या उत्सवाचे व्रण डोंगरावर कायमचे राहतील, ही त्यांची भीति. शिवाय निवडलेल्या कांहीं उतारांवर पुरेसा बर्फच पडत नसे. अर्जासोबतच्या चित्रांत तो रंगवून दाखविला होता! खर्चाचा प्रारंभींचा अंदाज १ कोटी ४० लक्ष डॉलरांचा. तोहि पाहतां पाहतां दुपटीच्या वर गेला.

राज्याच्या विधिमंडळाचे तरुण सभासद रिचर्ड लॅम यांनीं या असंतोषास कराच्या हिशेबाची जोड दिली. ७७ हजारांहून अधिक सह्या गोळा झाल्या व प्रश्न मतपेटीपर्यंत पोहोंचला. ७ नोव्हेंबर १९७२ रोजीं राज्यांतील शेकडा सुमारें ६० मतदारांनीं सरकारी पैसा देण्याचें नाकारलें. सामने शेवटीं ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें झाले, आणि १९७४ च्या निवडणुकींत लॅम राज्यपालपदीं निवडून आले.

या नकारानें डोंगर अस्पर्श राहिले, असें मात्र नव्हे. १९७३ सालीं पर्वतरांगेखालून मोटाररस्त्याचा मोठा बोगदा खुला झाला, आणि बर्फावरील खेळांचीं गांवें पुढेंहि वाढतच गेलीं. रहिवाशांनीं विकास अडविला नाहीं. त्याची किंमत विचारण्याचा हक्क तेवढा बजावला. ऑलिंपिकवर नगराचा पैसा खर्च करण्यापूर्वीं नागरिकांचा कौल घेतलाच पाहिजे, असा नियम डेन्व्हरच्या मतदारांनीं २०१९ सालीं मंजूर केला. पाहुण्यांस आमंत्रण धाडण्यापूर्वीं घरच्यांस विचारावें, एवढीच ती मागणी. परंतु ती नियमाच्या पुस्तकांत नोंदली जावयास ४७ वर्षें लागलीं.