१९७७ चा जनादेश आणि राज्यसभा

मार्च १९७७ मध्ये झालेल्या सहाव्या लोकसभेच्या निवडणुकीचा उल्लेख मतपेटीतून घडलेली क्रांती असा करण्याचा प्रघात आहे. निकालाचे आकडे पाहता तो अगदीच अवाजवी म्हणता येत नाही. १९७१ मध्ये ३५२ जागा जिंकणाऱ्या काँग्रेसला ५४२ पैकी १५४ जागांवर समाधान मानावे लागले, तर भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढलेल्या जनता पक्षास २९५ जागा मिळाल्या. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही काँग्रेसच्या वाट्यास आली नाही. खुद्द श्रीमती इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. मात्र आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसकडेच राहिल्या. महाराष्ट्राचा कौल दुभंगलेला होता. ४८ पैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९, शेतकरी कामगार पक्षाला ५, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला ३ व रिपब्लिकन पक्षाला १ जागा मिळाली. मुंबईतील सहाही जागा काँग्रेसने गमावल्या.

तथापि हा जनादेश संसदेच्या एकाच सभागृहापुरता होता, ही बाब आपल्याकडील विवेचनात बरीचशी दुर्लक्षित राहिली आहे. राज्यसभा हे स्थायी सभागृह होय. तिचे एक-तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांची निवड प्रामुख्याने विधानसभांचे सदस्य करतात. परिणामी, मतदारांनी ज्या पक्षाला सत्तेवरून दूर केले त्याचेच बहुमत वरिष्ठ सभागृहात कायम राहिले.

एप्रिल १९७७ मध्ये नव्या सरकारने काँग्रेसची सत्ता असलेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करविल्या. लोकसभेत धुव्वा उडालेल्या पक्षास त्या राज्यांत राज्य करण्याचा नैतिक अधिकार उरला नाही, असे समर्थन दिले गेले. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. येऊ घातलेली राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि राज्यसभेचे गणित यांचा विचार या निर्णयामागे नव्हता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय त्याचा लाभ हळूहळूच मिळणार होता, कारण १९७८ च्या द्वैवार्षिक निवडणुकीत एक-तृतीयांश जागाच बदलणार होत्या.

साध्या विधेयकांबाबत घटनेच्या १०८ व्या अनुच्छेदाने संयुक्त बैठकीची वाट ठेवली आहे. बँकिंग सेवा आयोग रद्द करणारे विधेयक राज्यसभेने डिसेंबर १९७७ मध्ये फेटाळले. मे १९७८ मध्ये संयुक्त बैठक भरवून ते संमत करून घेण्यात आले. घटनादुरुस्तीला मात्र ही वाट मोकळी नाही. ३६८ व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक सभागृहाने ती स्वतंत्रपणे विशेष बहुमताने संमत करावी लागते.

खरी कसोटी लागली ती येथेच. आणीबाणीत झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीचे परिमार्जन करणारे विधेयक लोकसभेने ऑगस्ट १९७८ मध्ये संमत केले. त्याच महिन्यात राज्यसभेने त्यातील पाच कलमे वगळली. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांत बदल करावयाचा झाल्यास सार्वमत घेण्याची तरतूद गेली. ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘समाजवादी’ या शब्दांच्या व्याख्याही गेल्या. शिक्षण हा विषय राज्यसूचीत परत नेण्याचा प्रस्तावही टिकला नाही. तो आजही समवर्ती सूचीत आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या सेवाशर्तींपासून अभ्यासक्रमापर्यंत केंद्राचा जो वावर दिसतो, त्याच्या इतिहासात १९७८ मधील या मतदानास स्थान द्यावयास हवे.

यावरून राज्यसभेला केवळ अडसर ठरविणे मात्र न्याय्य नाही. आणीबाणी जाहीर करण्यासाठी ‘अंतर्गत अशांतता’ऐवजी ‘सशस्त्र बंड’ हा निकष आला, लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची झाली. या महत्त्वाच्या तरतुदी काँग्रेस सदस्यांच्या संमतीशिवाय संमत होणे शक्यच नव्हते. त्यांच्या पक्षानेच केलेली चूक त्यांनी अंशतः दुरुस्त होऊ दिली. सार्वमताच्या तरतुदीविषयीही प्रस्तुत लेखकाचे मत संमिश्र आहे. लोकप्रियतेच्या लाटेत सार्वमताने मूलभूत हक्कांचा संकोच करणे अवघड गेले असते, असे म्हणता येत नाही.

उलटपक्षी, प्रतिबंधक स्थानबद्धतेवर अधिक कडक बंधने घालणारे कलम दोन्ही सभागृहांनी संमत केले होते. आणीबाणीत स्वतः तुरुंगवास सोसलेल्यांच्या सरकारने १९७९ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती अंमलात आणताना नेमके तेवढेच कलम बाजूला ठेवले. त्याच्या अंमलबजावणीची अधिसूचना पुढील कोणत्याही सरकारने काढलेली नाही.