दोन्ही वाटांची मोटारसायकल



इतिहासाच्या माणसाने व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहून जुन्या मोटारसायकलीविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. निमित्त घरगुतीच आहे. माझा भाचा अमेरिकेत ॲरिझोना राज्यात शिकतो. त्याने मला कळवले, "मामा, जवळ तीन हजार डॉलर आहेत, त्यापलीकडे एक पैसा नाही. रोज विद्यापीठात जायला डांबरी रस्ता आणि सुटीच्या दिवशी जंगलातल्या कच्च्या वाटा, दोन्हींवर चालेल अशी जुनी गाडी घ्यायची आहे. नोंदणी मात्र पक्की हवी. कोणती घेऊ?" मी काही यंत्रज्ञ नव्हे. पण विद्यार्थ्याचे तीन हजार डॉलर बुडाले तर ते पुन्हा उभे राहायला वर्ष लागते, हे मला कळत होते. तेव्हा माझ्याजवळ जे साधन होते ते घेऊन शोधायला बसलो, आणि जसजसा मागे गेलो तसतसे दिसू लागले की जुन्या बाजारात उभी असलेली प्रत्येक गाडी म्हणजे एखाद्या कायद्याचे, एखाद्या शर्यतीचे किंवा एखाद्या कारखान्याच्या आळसाचे फळ आहे. ते ओळखता आले तर भाव कळतो. नाही तर विकणारा सांगेल तो भाव.

आता मुळापासून पाहू. मोटारसायकल जन्मली तेव्हा बहुतेक रस्ते कच्चे होते, म्हणून 'दोन्ही वाटांची' असा वेगळा प्रकार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. रस्ते डांबरी झाले, गाड्या जड, सखल आणि वेगवान झाल्या, आणि मग उरलेल्या कच्च्या वाटांसाठी काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात शर्यती खेळणाऱ्यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत त्याला घरगुती उत्तर काढले. ट्रायम्फसारखी ६५० सीसीची इंग्रजी गाडी घ्यायची, दिवे उतरवायचे, धुराडे वर उचलायचे, इंजिनाच्या पोटाखाली पत्रा ठोकायचा. या गाड्यांना ते 'डेझर्ट स्लेड' म्हणत, म्हणजे वाळवंटातली घसरगाडी. नाव यथार्थ होते. एवढे धूड वाळूत घालायचे तर मनगटात पैलवानाचे बळ हवे. बड एकिन्स हा यातला नामांकित गडी. १९६३ सालच्या 'द ग्रेट एस्केप' या चित्रपटातली कुंपणावरून मारलेली प्रसिद्ध उडी त्याचीच. श्रेय मात्र लोकांनी नट स्टीव्ह मॅक्वीनला दिले.

या बडचा भाऊ डेव्ह एकिन्स. त्याने आणि बिल रॉबर्टसन या साथीदाराने १९६२ साली मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात तिहुआनापासून ला पाझपर्यंतची वाट होंडाच्या २५० सीसी गाडीवर सुमारे चाळीस तासांत काटली. रस्ता म्हणावा असा बहुतेक नव्हताच. निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ सिद्ध करायची म्हणून त्यांनी दोन्ही टोकांच्या तारघरांतून शिक्के मारून घेतले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा तपशील फार गोड वाटतो. पराक्रमही कागदावाचून ग्राह्य धरला जात नाही! (कागदांकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.) या एका प्रवासाने लोकांना दिसले की लहान इंजिनही दूरवर जाते. पण ती होंडासुद्धा मुळात रस्त्याचीच गाडी होती. धुराडे वर उचलले म्हणून काही कोणी रानातला होत नाही.

खरी गाडी १९६८ साली आली, यामाहाची डीटी-१. २४६ सीसी, एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन, लांब पल्ल्याचे पुढचे शॉक-ॲब्सॉर्बर, आणि तरीही दिवा, हॉर्न, नंबरप्लेट सगळे जागच्या जागी. टू-स्ट्रोकला लागणारे तेल पेट्रोलमध्ये हाताने मिसळण्याची कटकट नव्हती. त्याची वेगळी टाकी होती आणि पंप ते आपोआप पुरवी. घरातून निघावे, शहरातून जावे, डांबर संपले तरी न थांबता पुढे जावे, आणि संध्याकाळी त्याच गाडीवर परत यावे. ट्रेलरवर लादून नेण्याची गरज नाही. हे सामान्य कारकुनाला, शिक्षकाला, कामगाराला परवडू लागले. गाडी भराभर खपली, आणि सुझुकी व कावासाकी यांनी लगोलग आपापल्या गाड्या पुढे केल्या.

मग त्या टू-स्ट्रोक गाड्या आज माझ्या भाच्याला का मिळू नयेत? येथे कायदा आडवा येतो. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलाबरोबर जळते, आणि सिलिंडरात आलेल्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर निसटतो. इंजिन हलके, ताकद झटपट, पण हवा घाण. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने मोटारसायकलींच्या धुरावर १९७८ सालच्या गाड्यांपासून मर्यादा घातली आणि १९८० पासून ती आणखी आवळली. काही वर्षांतच तेथल्या रस्त्यांवरची नवी टू-स्ट्रोक जवळजवळ नाहीशी झाली. रानातल्या शर्यतींपुरती ती उरली. आपल्याकडे हीच गोष्ट पुढे घडली, आणि आरएक्स-१०० च्या आठवणीने आजही डोळे पुसणारे गृहस्थ या सभागृहात निघतील. असो. होंडाने १९७२ सालीच एक्सएल-२५० ही चार व्हॉल्व्हची फोर-स्ट्रोक गाडी आणून ठेवली होती. कायद्याच्या वाऱ्याची दिशा तिला अनुकूल ठरली. पुढची सारी परंपरा तिच्या वाटेने गेली.

डाकार शर्यतीविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून निघालेल्या पहिल्या शर्यतीत सिरिल नव्हो यामाहाच्या एक्सटी-५०० वर बसून पहिला आला. दुसऱ्या वर्षीही तोच. त्यानंतर बीएमडब्ल्यूने ८०० सीसीची जंगी गाडी काढली, आणि या प्रकाराला श्रीमंती चढली. आजच्या मोठ्या, चकचकीत 'ॲडव्हेंचर' गाड्या त्या घराण्यातल्या. तीन हजार डॉलरवाल्याने त्यांच्याकडे बघून नमस्कार करावा आणि पुढे जावे.

आपल्या कामाची गोष्ट त्याच काळात, पण दुसऱ्या दाराने घडत होती. कावासाकीची केएलआर-६५० १९८७ साली आली, यामाहाची जाड टायरांची टीडब्ल्यू-२०० त्याच वर्षी, होंडाची एक्सआर-६५०एल १९९३ साली, सुझुकीची डीआर-६५०एसई १९९६ साली. आणि मग काय झाले? जवळजवळ काहीच नाही. रस्त्याच्या गाड्या दर दोन वर्षांनी कात टाकत होत्या आणि या मात्र रंग आणि चिकटपट्ट्या बदलून वीस-वीस, तीस-तीस वर्षे तशाच निघत राहिल्या. केएलआरचा पहिला अवतार २००७ पर्यंत चालला, दुसरा २०१८ पर्यंत. नियतकालिकांतले परीक्षक त्यांची चेष्टा करीत. माझे मत उलट आहे. नवी गाडी घेणाऱ्याचे कारखान्याच्या या आळसाने नुकसान झाले असेल, पण जुनी घेणाऱ्याचे कल्याणच झाले. १९९६ च्या डीआरला लागणारा भाग पुढच्या अनेक वर्षांच्या गाड्यांतून निघतो. मोडीत गेलेल्या गाड्या हेच तिचे भांडार. आणि तिची प्रत्येक खोड हजारो लोकांनी आधीच शोधून ठेवलेली आहे. अमेरिकन मरीन सैनिकांसाठी तर केएलआरमध्ये डिझेल इंजिन बसवले गेले, कारण लष्कराला सर्व वाहनांसाठी एकच इंधन हवे होते! जी गाडी एवढे सोसते तिच्यावर विद्यार्थ्याने भरवसा ठेवायला हरकत नाही.

खोड नाही असे मात्र नव्हे. केएलआरच्या पोटात कंप कमी करणारे जड दांडे साखळीने फिरतात. त्या साखळीचा सैलपणा काढायला एक लहानसा लोखंडी तुकडा आणि एक स्प्रिंग आहे. जुन्या गाड्यांत हा तुकडा तुटतो किंवा स्प्रिंग निकामी होते, आणि तुकडे इंजिनात पडले तर गाडीचा निकाल लागतो. अमेरिकन लोक त्याला 'डूहिकी' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत 'ते अमकेतमके'. तो बदलला आहे का, हा केएलआर विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न. डीआरमध्ये न्यूट्रल दाखवणाऱ्या स्विचचे दोन स्क्रू सैल होऊन आत पडतात, तेही विचारावे. एक्सआर उंच आहे. सीट जमिनीपासून जवळजवळ सदतीस इंचांवर, म्हणून आपल्याकडच्या बेताच्या उंचीच्या माणसाने आधी बसून दोन्ही पाय टेकतात का ते पाहावे, मग भावाचे बोलावे.

आता पारखण्याविषयी. मी स्वतः तरुणपणी एक जुनी मोटारसायकल घेतली होती. विकणाऱ्याने ती माझ्यासमोर एका लाथेत चालू करून दाखवली, आणि मी खूष झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीला बेचाळीस लाथा घातल्या. मी जाण्यापूर्वी त्याने ती तापवून ठेवली होती, एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती. म्हणून भाच्याला पहिली सूचना अशी केली, "येतो म्हणून सांगताना बजाव की गाडी चालू करून ठेवू नका, आणि गेल्यागेल्या इंजिनाला हात लावून बघ." दुसरी सूचना हवेच्या फिल्टरची. झाकण काढावे आणि फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाकडची बाजू बोटाने पुसावी. तेथे धूळ लागली तर ती सिलिंडरात गेली आहे, आणि सिलिंडर-पिस्टन घासले आहेत असे समजावे. मग बाहेरून गाडी कितीही धुतलेली असो. चाकांचे स्पोक स्क्रूड्रायव्हरने एकेक वाजवून बघावेत. घट्ट स्पोक खणखणतो, सैल बसका आवाज देतो. मागच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेन आणि दोन्ही चक्रे बदलण्याचा खर्च भावातून वजा करावा. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवावे; मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर बेअरिंग गेले. आणि मैलांच्या काट्यावर फार विसंबू नये, कारण जुन्या गाड्यांत तो पुढच्या चाकाच्या केबलवर चालतो आणि केबल काढायला दोन मिनिटे पुरतात.

कागदांचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माणसे फसतात ती येथेच. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या असतात. एक कारखान्यातूनच रस्त्यासाठी निघालेली, दुसरी केवळ रानासाठी निघालेली आणि मागाहून कोणी दिवा-आरसा बसवलेली. दुसरी हलकी, चपळ आणि पुष्कळदा स्वस्तही असते. पण तेथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. ॲरिझोनात अशा गाडीला योग्य दिवे बसवून रस्त्याची नोंदणी मिळू शकते. शेजारच्या कॅलिफोर्नियात ती मिळणे जवळजवळ अशक्य. म्हणजे सीमेच्या एका बाजूला जी गाडी, ती दुसऱ्या बाजूला नुसते खेळणे. म्हणून मालकीचा दाखला, ज्याला ते 'टायटल' म्हणतात, तो हातात घ्यावा. त्यावरचे नाव विकणाऱ्याचेच आहे ना, आणि १९८१ पासून ठरलेला सतरा अक्षरांचा क्रमांक हँडलखालच्या सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळतो ना, हे अक्षर न् अक्षर ताडावे. "दाखला हरवला, पावती लिहून देतो" असे कोणी म्हटले, की टोपी घालून घरी यावे.

हे सारे परक्या देशाचे झाले असे वाटेल. पण दुधाचे कॅन लादून बांधावरून धावणारी राजदूत ज्यांनी पाहिली आहे त्यांना दोन्ही वाटांची गाडी काय ते सांगायला नको. पोलंडच्या गाडीवरून आपल्याकडे तयार झालेली ती १७५ सीसीची गाडी याच जातीची होती, नाव तेवढे नव्हते. आता २०१६ ची हिमालयन आणि २०१९ ची एक्सपल्स यांच्या जुन्या गाड्या आपल्याही बाजारात आल्या आहेत, आणि पारख तीच आहे. टायटलच्या जागी आरसी बुक, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, विमा, पीयूसी, गाडी परराज्यातली असेल तर आरटीओची एनओसी, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या, एवढा फरक. सह्या झाल्या तरी नाव लागेपर्यंत गाडी कायद्याने जुन्याच मालकाची राहते, आणि अपघात झाला तर कोर्टाचा कागद त्याच्या दारी जातो. म्हणून विकणाऱ्यानेही घाई करायला हवी. आपल्याकडे बहुधा दोघेही करीत नाहीत.

भाच्याने दीड महिना शोधले. एक सुंदर, हलकी गाडी त्याने मोठ्या कष्टाने सोडून दिली, कारण तिला दाखला नव्हता. त्या रात्री तो माझ्यावर थोडा रागावलाही होता. शेवटी एका निवृत्त गृहस्थाकडे त्याला २००३ सालची केएलआर मिळाली. प्लॅस्टिक खरचटलेले, सीट फाटलेले, इंजिन हाताला थंड. अडीच हजारांत सौदा ठरला; उरलेल्या पाचशेत चेन, चक्रे आणि मागचा टायर बसले. डूहिकीचा प्रश्न त्याने भीतभीतच विचारला. म्हातारबुवा काही न बोलता आत गेले आणि एक पाकीट घेऊन आले. त्यात बदललेल्या भागाची पावती होती, आणि पावतीबरोबर जपून ठेवलेली जुनी, तुटकी स्प्रिंग.